न्यायालयात हरली, आखाड्यात तरली



१९५२ साली कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी खाशाबा जाधव यांना हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायचे होते आणि प्रवासाचा खर्च काही केल्या जमत नव्हता. खाशाबांनी तेथे ५७ किलो वजनगटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही कथा आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे, परंतु ती सांगताना सारे लक्ष पदकाकडे जाते आणि प्राचार्य कोपऱ्यात उभे राहतात. वास्तविक एखाद्या शिक्षणसंस्थेने आपल्या मल्लासाठी किती झीज सोसावी, हा प्रश्न त्या गहाणखतात दडलेला आहे.

हाच प्रश्न गेली पन्नास वर्षे अमेरिकेतील विद्यापीठांपुढे उभा आहे. तेथे त्याचे उत्तर बहुधा खर्डेकरांच्या नेमके उलट दिले गेले. तरीही तेथील महाविद्यालयीन कुस्ती संपली नाही. ती कशी टिकली आणि कोणी टिकवली, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. आपल्याकडे कुस्तीचे घर तालीम. गंगावेश असो वा मोतीबाग, मल्ल तेथे राहतो, खातो, मेहनत करतो. त्याच्या शिक्षणाशी तालमीचा संबंध असेलच असे नाही. अमेरिकेत अशी तालीम नाही. तेथे मुलगा शाळेत कुस्ती शिकतो आणि पुढे महाविद्यालयात खेळतो. ऑलिंपिकला जाणारे बहुतेक अमेरिकन मल्ल याच वाटेने घडलेले असतात. त्यामुळे एखाद्या विद्यापीठाने कुस्ती बंद केली, तर त्याचा अर्थ तालमीला कुलूप लागले असाच घ्यायचा.

या परंपरेचे वय लहान नाही. पहिली राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपद स्पर्धा १९२८ साली आयोवा राज्यातील एम्स येथे झाली. ओक्लाहोमाचे एडवर्ड गॅलाघर हे त्या काळचे श्रेष्ठ वस्ताद. शिक्षणाने विद्युत अभियंता असलेल्या या माणसाने तरफेचे आणि भाराचे नियम डावपेचांना लावून पाहिले आणि ११ राष्ट्रीय विजेतेपदे आपल्या महाविद्यालयाला मिळवून दिली.

त्यांची कुस्तीही थोडी वेगळी आहे. ऑलिंपिकमधील फ्रीस्टाइल वा ग्रीको-रोमन यांहून भिन्न असा हा प्रकार 'फोकस्टाइल' म्हणून ओळखला जातो. त्यात एकेरी पट, दुहेरी पट आपल्या ओळखीचेच. परंतु भर असतो तो खाली गेलेल्या प्रतिस्पर्ध्याला ताब्यात ठेवण्यावर. वरच्या मल्लाने एकूण एक मिनिटाची आघाडी मिळेल इतका वेळ दुसऱ्याला दाबून ठेवले, तर त्याचा वेगळा गुण मिळतो. त्याला ते जे नाव देतात, त्याचे भाषांतर करण्याची गरजच नाही. आपल्या आखाड्यातला 'सवारी' हा शब्द तेथे जसाच्या तसा बसतो. पुरुषांचे वजनगट दहा, १२५ पौंडांपासून २८५ पौंडांपर्यंत. म्हणजे सर्वांत हलका गट जवळजवळ खाशाबांचाच, ५७ किलोंचा. सहाफुटी धिप्पाड देह नसलेल्या मुलालाही विद्यापीठाचे नाव छातीवर मिरविता यावे, असे खेळ तेथे थोडे आहेत.

या परंपरेचा मुकुटमणी म्हणजे आयोवाचे डॅन गेबल. महाविद्यालयीन जीवनात ते एकच कुस्ती हरले. १९७० च्या अंतिम फेरीत, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लॅरी ओविंग्जकडून. त्या एका पराभवाने त्यांना असे पेटविले की, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये एकही गुण न गमावता त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पुढे प्रशिक्षक म्हणून आयोवा विद्यापीठाला त्यांनी १५ राष्ट्रीय विजेतेपदे दिली, त्यांतील नऊ तर सलग. आणि ज्या विद्यापीठाच्या मल्लाने गेबल यांना हरविले, त्या वॉशिंग्टन विद्यापीठाने काय केले? काही वर्षांतच कुस्ती बंद करून टाकली!

असे करणारे ते एकटे नव्हते. अमेरिकी संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने २००१ साली दिलेल्या अहवालानुसार १९८१-८२ ते १९९८-९९ या काळात महाविद्यालयीन कुस्तीचे १७१ संघ घटले. अन्य कोणत्याही खेळाला एवढा फटका बसला नव्हता.

कारण काय? कुस्तीच्या वर्तुळात उत्तर ठरलेले असे : 'टायटल नाइन'. गेबल म्युनिकला जिंकले त्याच वर्षी, १९७२ साली, झालेला हा कायदा सांगतो की, सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येणार नाही. १९७९ साली त्याचा खेळापुरता अर्थ लावण्यात आला. तो पाळल्याचे दाखविण्याच्या तीन वाटा होत्या. त्यांतील एक म्हणजे विद्यार्थिनींचे एकूण पटावर जे प्रमाण, साधारण तेच खेळाडूंतही असणे. मुलींसाठी नवे संघ काढायला पैसा लागतो. मुलांचा एखादा संघ बंद केला की, प्रमाण फुकटात जुळते. हिशेबनीस मंडळींनी सोपी वाट धरली आणि गदा कुस्तीवर कोसळली.

हे खरे, पण अर्धे खरे. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने हा कायदा खेळांच्या बाबतीत जवळपास निष्प्रभ झाला होता आणि १९८८ साली संसदेने नवा कायदा करून त्याला पुन्हा धार दिली. मधली चार वर्षे या कायद्याचा धाक नव्हता. त्याही वर्षांत विद्यापीठे कुस्ती बंद करीतच राहिली! मुलींचे निमित्त नसतानाही कुस्ती नकोशी झाली होती, कारण ती पैसा मिळवून देत नव्हती. पैसा होता अमेरिकन फुटबॉलमध्ये. सर्वोच्च श्रेणीतील फुटबॉल संघाला ८५ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मुभा असे. कुस्तीच्या साऱ्या संघाला मिळून ९.९. ही तफावत २०२५ पर्यंत कायम होती. फुटबॉलच्या त्या ८५ ला हात लावण्याची छाती कोणाची नव्हती. जावेवरचा राग भांड्यावर काढावा, तसा कुस्तीवाल्यांचा राग मात्र मुलींच्या खेळांवर निघाला.

स्वतःच्या घरातला दोषही दृष्टिआड करता येणार नाही. वजनगटात बसण्यासाठी उपाशी राहणे, उष्ण खोलीत रबरी कपडे घालून घाम गाळणे, हे पराक्रम समजले जात होते. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अवघ्या काही आठवड्यांत तीन महाविद्यालयीन मल्ल असे वजन उतरविताना प्राणास मुकले. त्यानंतरच नियम कडक झाले. आपली मुले अशा खेळाच्या हाती द्यावीत का, असे एखाद्या आईने विचारले असते, तर तोवर तिला देण्यासारखे उत्तर नव्हते.

२००२ साली कुस्ती प्रशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने थेट केंद्रीय शिक्षण खात्याविरुद्ध दावा लावला. २००३ साली तो फेटाळला गेला. २००४ साली अपीलही फेटाळले गेले आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यासच नकार दिला. अपील न्यायालयाचे म्हणणे मोठे मार्मिक होते. त्याचा आशय असा की, सरकारी धोरण उद्या बदलले तरी विद्यापीठे बंद केलेले संघ पुन्हा सुरू करतीलच, असे कशावरून? वादी हरले, परंतु दुखणे कोठे आहे, ते न्यायमूर्तींनी दाखवून दिले होते. विद्यापीठाला कुस्ती हवीशी वाटत नसेल, तर कोणताही कायदा ती देऊ शकणार नव्हता.

मग विद्यापीठाला ती हवीशी कशी करायची? येथून या कथेला वळण मिळते, आणि ते देणारे बव्हंशी पूर्वाश्रमीचे मल्लच आहेत.

पेनसिल्वेनियातील बकनेल विद्यापीठाने कुस्ती बंद केली होती. तेथील माजी मल्ल विल्यम ग्रॅहॅम यांनी २००४ साली ५६ लाख डॉलरची देणगी दिली, आणि संघ पुन्हा उभा राहिला. २००८ च्या मे महिन्यात ॲरिझोना राज्य विद्यापीठाने कुस्ती बंद केल्याची घोषणा केली. माजी मल्ल आणि हितचिंतक कायम ठेवीचे आश्वासन घेऊन पुढे सरसावले. दहा दिवसांत निर्णय मागे घेतला गेला. त्या दहा दिवसांचे मोल तीन वर्षांनी कळले. २०११ साली याच विद्यापीठाचा अँथनी रोबल्स हा १२५ पौंड गटात राष्ट्रीय विजेता झाला. अंतिम कुस्तीत त्याने आदल्या वर्षीच्या विजेत्याला ७-१ असे हरविले. त्या हंगामात तो एकही कुस्ती हरला नव्हता. रोबल्स जन्मतःच एका पायाचा आहे.

देणग्यांच्या कथा आकर्षक असतात, त्या लवकर पसरतात. खरी वाढ मात्र शांतपणे झाली, ती लहान खाजगी महाविद्यालयांत. तेथे विद्यार्थ्यांची शुल्के हाच उत्पन्नाचा मुख्य आधार आणि विद्यार्थी मिळणे दिवसेंदिवस कठीण. न्यायालयाकडे पाठ फिरवून प्रशिक्षकांची संघटना अशा महाविद्यालयांच्या अध्यक्षांकडे जाऊ लागली. गणित साधे होते. शाळांतून अडीच लाखांच्या घरात मुले कुस्ती खेळत होती आणि त्यांतील फारच थोड्यांना पुढे जागा मिळत होती. कुस्ती सुरू करा, एक चांगला प्रशिक्षक नेमा; तो तीस-चाळीस मुले घेऊन येईल. त्यांतील बहुतेकांना पूर्ण शिष्यवृत्ती नसेल, म्हणजे ती शुल्क भरणारी मुले असतील. गादी एकदाच घ्यायची, स्टेडियम बांधायचे नाही. खेळावरील प्रेमाची भाषा ज्या अध्यक्षांना समजत नव्हती, त्यांना ही भाषा लगेच समजली. यात उदात्त असे काही नाही, अशी टीका करता येईल. पण खेळ जगविण्यासाठी केलेला रास्त हिशेब कमी प्रतीचा मानण्याचे कारण नाही.

मोठ्या विद्यापीठांचे भय मात्र सरले नव्हते. २०२० च्या जुलैमध्ये स्टॅनफर्डने आपल्या ३६ पैकी ११ खेळ बंद करण्याची घोषणा केली. त्यांत कुस्ती होती. २५ अब्ज डॉलरहून अधिक गंगाजळी बाळगणारे हे विद्यापीठ! माजी मल्लांनी एक कोटी डॉलरहून अधिक रकमेची तयारी दाखविली, तरी व्यवस्थापन बधले नाही. मार्च २०२१ मध्ये स्टॅनफर्डचा शेन ग्रिफिथ राष्ट्रीय स्पर्धेत उतरला, तो कोऱ्या काळ्या पोशाखात. छातीवर विद्यापीठाचे नाव नव्हते. तुम्ही आम्हांला नाकारलेत, मग तुमचे नाव आम्ही का मिरवावे? १६५ पौंड गटात तो राष्ट्रीय विजेता झाला. दोन महिन्यांनी स्टॅनफर्डने अकराही खेळ कायम ठेवल्याचे जाहीर केले. सगळीकडे असे झाले नाही. त्याच २०२० साली ओल्ड डोमिनियन विद्यापीठाने बंद केलेला संघ बंदच राहिला. फ्रेस्नो येथे तर २००६ साली बंद, २०१७ साली सुरू आणि २०२१ साली पुन्हा बंद, असा खेळखंडोबा झाला.

आता मुलींविषयी. ज्यांच्या नावाने एक पिढी बोटे मोडत आली, त्या मुली दारात उभ्या होत्या, आणि त्यांना कुस्तीच खेळायची होती! मिनेसोटा विद्यापीठाच्या मॉरिस शाखेने १९९३ साली मुलींचा पहिला महाविद्यालयीन संघ काढला. पुढची वीस वर्षे वाढ रांगत होती. हेलन मारूलिस या अमेरिकन मुलीला कुस्तीसाठी कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठ गाठावे लागले. तिने २०१६ साली रिओत जपानच्या साओरी योशिदाला, तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांच्या मानकरी मल्लाला, हरविले; कुस्तीतील ते अमेरिकन महिलेचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण. त्याच रिओत आपल्या साक्षी मलिकने कांस्यपदक जिंकले होते, हे सांगायला नकोच.

त्यानंतर पूर आला. २०२३-२४ पर्यंत शाळांतून कुस्ती खेळणाऱ्या मुलींची संख्या ६० हजारांपलीकडे गेली. महाविद्यालयांचे संघ शंभरावर गेले. ज्या कायद्याच्या नावाने आखाडे बंद पडले, तोच कायदा आता पथ्यावर पडू लागला : मुलींचा कुस्ती संघ काढला की, खेळाडूंचे प्रमाण सुधारते, गादी तीच, सरावाची खोली तीच, आणि मुलांच्या संघावरील टांगती तलवारही थोडी दूर जाते. हे १९८० मध्येच सुचले असते तर? पण तेव्हा मुलीने लंगोटबंद पुरुषांच्या या जगात पाऊल टाकावे, हेच कित्येक वस्तादांच्या पचनी पडणारे नव्हते. आपल्याकडेही याहून फार वेगळे नव्हते.

नवे संकट उंबरठ्यावर आहेच. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीमुळे विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देता येऊ लागला. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. त्यातील मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांच्या कुस्ती संघांवर तीस जणांची मर्यादा आली. म्हणजे शिष्यवृत्तीविना घाम गाळणारा एकतिसावा मुलगा बाहेर. त्याच वर्षाच्या आरंभी क्लीव्हलँड राज्य विद्यापीठाने कुस्ती बंद केली होती.

आणि आयोवा? गेबल यांच्या आयोवा विद्यापीठाने २०२१ साली मुलींचा संघ जाहीर केला. सर्वांत बलाढ्य क्रीडासंघांच्या पंक्तीतील हे पहिले विद्यापीठ. लंडन ऑलिंपिकच्या कांस्यपदक विजेत्या क्लॅरिसा चुन प्रशिक्षक झाल्या. २०२३ साली घरच्या गादीवरची पहिली लढत झाली, तेव्हा आठ हजारांहून अधिक प्रेक्षक आले. सभागृह तेच होते, जेथे गेबल यांचे मल्ल खेळत असत. पहिल्याच हंगामात या मुली राष्ट्रीय विजेत्या ठरल्या. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने महिला कुस्तीला अधिकृत अजिंक्यपदाचा दर्जा दिला, आणि पहिल्या स्पर्धेसाठी २०२६ हे साल मुक्रर झाले. स्थळ ठरले कोरलव्हिल. ते गावही आयोवातच आहे, १९२८ साली मुलांची पहिली स्पर्धा जेथे झाली त्या एम्सच्याच राज्यात.