तोंडातलं इंग्रजी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी सांगितलं, "तू परदेशातल्या लोकांना इंग्रजी शिकवतेस, त्यावर बोल." बोलते; पण माझ्या डोळ्यांसमोर आपल्या शाळेतली आत्ताची मुलं आहेत.

मेक्सिको आणि कोलंबियातली नोकरदार माणसं माझ्याकडे ऑनलाइन शिकतात. त्यांची मातृभाषा स्पॅनिश. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, त्यामुळे माझा वर्ग दूधवाल्याच्या आधी भरतो. पहिल्या दिवशी मी त्यांना एकही नवा शब्द शिकवत नाही. हॉस्पिटल, अ‍ॅनिमल, डॉक्टर, हॉटेल हे शब्द दोन्ही भाषांत अगदी सारखे लिहितात, उच्चार तेवढे वेगळे. दोन्ही भाषांनी लॅटिनमधून भरपूर उचललेलं आहे. असे शब्द तुम्हीच आठवा, एवढंच मी सांगते. अर्ध्या तासात फळा भरतो आणि भीती निम्मी होते.

आपल्याकडे उलट चालतं. आपण पाचवीत एबीसीडी गिरवली; 2000 सालापासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आहे. तरी नववीतलं पोर म्हणतं, "मॅडम, मला इंग्लिश येतच नाही." तेच पोर सुट्टीत वडिलांबरोबर नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला जातं आणि प्लॉट, व्हरायटी, क्रेट, लोडिंग, रेट, व्हायरस, मल्चिंग पेपर असं धडाधड बोलतं. हे इंग्रजी आहे, असं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. दहावीला इंग्रजीत अडकून शिक्षण सोडलेले आपल्याच बॅचचे चेहरे तुम्हालाही आठवत असतील.

टोमॅटो हा शब्दच घ्या. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत 'तोमात्ल', स्पॅनिशांनी केला 'तोमाते', तिथून तो इंग्रजीत गेला आणि इंग्रजीतून आपल्या क्रेटमध्ये आला. सातगाव पठारावरच्या बटाट्याचंही तसंच. कॅरिबियन बेटांवरचा 'बताता' स्पॅनिश-पोर्तुगीजांनी घेतला, इंग्रजांनी त्याचा पोटॅटो केला, आपल्याकडे पोर्तुगीजांमार्फत आला तो बटाटाच राहिला. मूळ शब्दाच्या जवळ इंग्रजांपेक्षा आपणच!

आजी 'इस्कूल', 'इस्टेशन' म्हणायची आणि आपण हसायचो. माझे विद्यार्थीही 'स'ला जोडाक्षर आलं की आधी 'ए' लावतात, स्कूलचं एस्कूल करतात. जिभेची सवय आहे ती, अडाणीपणा नव्हे.

अडचण खरी येते ती कागदावर. देवनागरी आपण लिहिलं तसं वाचतो, स्पॅनिशही बरीचशी तशीच. त्यामुळे नाईफच्या आधी मुका 'के' कशाला, हा प्रश्न मंचरच्या मुलालाही पडतो आणि मेक्सिकोच्या माणसालाही. व्हरायटी दिवसातून दहादा म्हणणाऱ्या मुलाला तो शब्द छापलेला ओळखू येत नाही. शिक्षकाने वेळ द्यायचा तो इथे. तोंडात असलेला शब्द डोळ्यांना ओळखीचा करून द्यायचा. पन्नास अनोळखी शब्दांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा हे मला कितीतरी मोलाचं वाटतं.

यात फसगतही आहे. स्पॅनिशमध्ये 'एम्बारासादा' म्हणजे गरोदर. इंग्रजीत एम्बॅरस्ड म्हणजे ओशाळलेली. वर्गात हे एकदा सांगितलं की कुणी विसरत नाही. आपल्याकडेही असे शब्द पुष्कळ. आपण म्हणतो 'लाईट गेली', इंग्रजीत जाते ती पॉवर. आपण हॉटेलात मिसळ खातो, इंग्रजी हॉटेलात मुक्काम करतात. डिशचं बघा, मिसळीचीही डिश आणि खोडदला जीएमआरटीची 45 मीटर व्यासाचीही डिश! उथळ, पसरट भांडं हा अर्थ धरला की दोन्ही उलगडतात. आणि सकाळपासून या मंडपात जो तो सांगतोय, "मी अमुक साली पासआऊट झालो." इंग्लंडात हे ऐकणारा विचारेल, पाणी कुणी मारलं? तिकडे पासआऊट होणं म्हणजे सहसा शुद्ध हरपणं.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या गावांतल्या मुलांच्या तोंडी मार्केटचे शब्द कमी असतील. तिथे एसटी, दवाखाना, मोबाईल, भीमाशंकरला येणारे टुरिस्ट इथून सुरुवात करावी. शब्द प्रत्येक गावात सापडतात, यादी मात्र गावागणिक वेगळी करावी लागते. पुण्यात छापलेली एकच यादी सगळ्यांना लावणं मला पटत नाही.

आता मागणं. आज इथे जुन्नर-आंबेगावातले बागायतदार आहेत, बँकेतले, एसटीतले, दवाखान्यातले आहेत, पॉलिहाऊसवाले आहेत. शाळेच्या परवानगीने मी एक जाड वही आणली आहे. प्रत्येकाने आपल्या कामात रोज बोलले जाणारे दहा इंग्रजी शब्द तिच्यात लिहायचे, मराठीतच, आणि पुढे आपण तो कोणत्या अर्थाने वापरतो ते. स्पेलिंग आणि पुस्तकातला अर्थ मुलं डिक्शनरीत शोधतील. त्यासाठी दोन रकाने मोकळे सोडले आहेत. वही जेवणाच्या रांगेच्या तोंडाशी ठेवली आहे. ताट घेण्याआधी लिहा, नंतर हात खरकटे होतील.