पीण्यापलीकडचे नृत्यग्राम

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील कारखाने मागे टाकून हेसरघट्ट्याकडे गेल्यावर ‘नृत्यग्राम’ लागते. प्रोतिमा बेदी यांनी १९९० मध्ये वसवलेल्या या निवासी गुरुकुलात ओडिसी नृत्य शिकवले जाते. गुडघे बाहेर वळवून दोन्ही पायांवर सारखा भार घेणारा ‘चौक’ आणि शरीराला तीन ठिकाणी बाक देणारी ‘त्रिभंगी’ अंगात मुरली, तरी अभिनयाची, म्हणजे भाव प्रेक्षकापर्यंत नेण्याची, साधना उरतेच, कारण पापणी अंमळ लवकर उचलली तरी विरहिणीचे वाट पाहणे खोटे वाटते. नर्तकाला नट करणारी ही शिस्त फार मोलाची आहे. येथील पहिल्या विद्यार्थिनी सुरूपा सेन पुढे नृत्यरचनाकारही झाल्या, आणि ‘संहार’ या प्रयोगात त्यांनी ओडिसीला श्रीलंकेच्या कँडी नृत्याची जोड दिली.