पोटावरची पिशवी आणि लग्नाची बोलणी

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर स्टोमाची, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाची, पिशवी आली, म्हणून कोणत्याही तरुणानं किंवा तरुणीनं जोडीदाराचा विचार सोडायचं कारण नाही. स्टोमाला स्पर्शानं वेदना होत नाही, नीट बसवलेली पिशवी वास रोखते आणि स्टोमा असलेल्या अनेक स्त्रिया आईही झाल्या आहेत. ‘सांगितलं तर स्थळ मोडेल’ ही भीती खोटी नाही. पण लपवून जुळवलेलं लग्न पुढे दोघांनाही जास्त दुखावतं. म्हणून पहिल्याच भेटीत नको, पण सुपारी फुटण्याआधी स्वतः शांतपणे सांगावं. शस्त्रक्रियेत ओटीपोटातल्या नसा दुखावल्या असतील, तर शरीरसंबंधात अडचण येऊ शकते. त्यावर उपचार आहेत. आपल्या सर्जनला किंवा परळच्या टाटा रुग्णालयातल्या स्टोमा क्लिनिकमध्ये निःसंकोच विचारा.