हरवलेला पत्ता आणि रोजची गोळी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कर्जत स्टेशन आपल्या सगळ्यांच्या पायाखालचे. मुंबईची लोकल इथे संपते, नाही तर खोपोलीकडे वळते. घाट चढणाऱ्या बऱ्याच गाड्यांना इथे मागून जादा इंजिने लागतात. म्हणजे गाडी थांबते, आणि थांबली की कोणी ना कोणी उतरते. त्यात कधी एखादा असा असतो, की आपण कुठे उतरलो हे त्यालाच ठाऊक नसते. केसांच्या जटा, अंगावर एकावर एक चढवलेले तीन-चार शर्ट, काखेत चिंध्यांचे गाठोडे. तोच पुढे चौक, खालापूर, खोपोली असा जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने चालताना दिसतो. टपरीवाला चहा-पाव देतो, पोरे खडे मारतात, आणि आपण ‘वेडा आहे’ म्हणून पुढे जातो.

मी मनोविकारतज्ज्ञ नाही. या दोन तालुक्यांत तीस वर्षे साधी डॉक्टरकी केली. ताप, खोकला, विंचू-साप. पण ‘वेडा’ या एका शब्दाखाली आपण किती वेगवेगळे आजार कोंबतो, ते याच कामात कळले. उदासीनता वेगळी, उन्माद वेगळा, म्हातारपणचा विसर वेगळा. रस्त्यावर भटकणाऱ्या पुष्कळांना असतो तो स्किझोफ्रेनिया. यात माणसाला कोणी नसताना आवाज ऐकू येतात. ते शिव्या देतात, हुकूम सोडतात. आपल्यावर कोणी पाळत ठेवली आहे, जेवणात विष घातले आहे, अशी त्याची पक्की खात्री असते. मग तो घर सोडतो. त्याच्या लेखी ते पळणे नसते, जीव वाचवणे असते.

कर्जतजवळ वेणगावला श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे केंद्र आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९८८ साली ही संस्था मुंबईत सुरू केली आणि २००६ पासून कर्जतचे केंद्र चालू झाले. सुरुवातीची हकिगत त्यांनी अनेकदा सांगितली आहे. रस्त्याकडेला एक तरुण नारळाच्या करवंटीने गटारातले पाणी पिताना त्यांना दिसला. त्यांनी त्याला आपल्या दवाखान्यात नेले, औषधे दिली. तो बरा होऊन बोलू लागला, तेव्हा विज्ञानाचा पदवीधर निघाला! २०१८ साली डॉ. भरत वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. रस्त्यावरच्या मनोरुग्णाला आणायचे, न्हाऊमाखू घालायचे, उपचार करायचे आणि घरी पोचवायचे, असा हा क्रम. हजारो माणसे अशी आपापल्या गावी गेली आहेत.

यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती मधली पायरी. आणलेला माणूस पहिल्या दिवशी नाव सांगत नाही. बोलला तर भाषा कळत नाही. कोणी ओडिशाचा, कोणी बंगालचा, कोणी बिहारचा. औषध चालू होते, आवाज हळूहळू विरतात, झोप लागते. मग काही आठवड्यांनी एक दिवस तो गावाचे नाव सांगतो, कधी जवळच्या स्टेशनाचे, कधी शाळेचे. एवढ्या धाग्यावरून कार्यकर्ते त्याला घेऊन रेल्वेत बसतात. पत्ता त्याच्या डोक्यातून पुसला गेला नव्हता. भीतीच्या आणि आवाजांच्या गलबल्याखाली तो दबला होता.

ही औषधे कुठली जादूची नव्हेत. क्लोरप्रोमाझिन हे यातले पहिले औषध पॅरिसमध्ये १९५२ साली मनोरुग्णांना देण्यात आले. मेंदूतल्या डोपामिन नावाच्या द्रव्याचा अतिरेकी परिणाम ते रोखते. त्याआधी १९३१ साली आपल्याच देशात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उन्मादावर आणि रक्तदाबावर होणारा उपयोग नोंदवला होता, हेही सांगायला हवे. आज मनोविकारात सर्पगंधा वापरत नाहीत, तिच्यापेक्षा बरी औषधे आली. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रोग्यांसाठी क्लोझापिन आहे. ते घेताना मात्र नियमाने रक्त तपासावे लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम या जोडऔषधाला मान्यता मिळाली. डोपामिनला थेट न अडवता वेगळ्या वाटेने काम करणारे हे स्किझोफ्रेनियावरचे पहिलेच औषध. विजेच्या उपचाराला लोक सिनेमा पाहून घाबरतात. पण आता तो भूल देऊन, स्नायू सैल करूनच करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भुलीशिवाय तो करायला बंदीच आहे.

संशोधन पुढे जाते आहे याचा आनंदच आहे. पण आपल्या वाड्यांवर अडते ते नव्या औषधापाशी नव्हे. जुनी, स्वस्त गोळीच रोज पोटात जात नाही, तिथे अडते.

खालापूर तालुक्यातल्या एका मुलाचे सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे बदलून सांगतो. खोपोलीच्या कारखान्यात कामाला होता. एकटाच हसू लागला, रात्री जागा राहू लागला. घरच्यांनी ‘बाहेरचं’ म्हणून भगताकडे नेले. अंगारे, कोंबडे, उतारे यांत आठ महिने गेले. भगताला मी दोष देणार नाही. रात्री-अपरात्री वाडीवर येणारा तोच एक असतो. पुढे ठाण्याच्या मनोरुग्णालयात दाखवल्यावर दोन महिन्यांत मुलगा कामावर गेला. वर्षाने आई आली.

“डॉक्टर, आता बरा आहे. लग्न ठरतंय. गोळ्या बंद करू? मुलीकडच्यांनी बघितल्या तर?”

“मावशी, गोळ्यांमुळेच बरा आहे. मुलीकडच्यांना आधी सांगा, मग ठरवा.”

आईला ते पटले नाही. गोळ्या थांबल्या. तीन आठवडे काही झाले नाही, म्हणून घरच्यांना वाटले की डॉक्टर उगाच घाबरवतात. हळद लागायच्या आदल्या रात्री मुलगा घरातून गेला. सहा दिवसांनी बोरघाटाच्या पायथ्याशी सापडला, पाय फुटलेले. लग्न मोडले. आता त्याला महिन्याला एक इंजेक्शन असते. औषध अंगात हळूहळू उतरत राहते, रोजची गोळी लपवावी लागत नाही. हात थोडे कापतात, वजन वाढले आहे. हे त्रास खरे असतात आणि डॉक्टरांना सांगून त्यावर इलाजही होतो. त्रास झाला म्हणून परस्पर औषध सोडायचे नसते.

आता कायद्याचे थोडे. तमिळनाडूत एरवाडी इथे ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. पंचवीसहून जास्त माणसे जळून मेली. आज मनोरुग्णाला साखळीने बांधणे हा कायद्याचा भंग आहे. भटकणारा मनोरुग्ण दिसला, तर त्याला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत तपासणीला नेणे हे पोलिसांचे काम आहे, आणि त्याला कोठडीत ठेवता येत नाही. तेव्हा स्टेशनवर किंवा हायवेला असा कोणी दिसला, तर पोलिसांना कळवताना ‘हाकलून द्या’ म्हणू नका, ‘दवाखान्यात न्या’ म्हणा.

आणि घरातलेच कोणी असेल, तर ठाण्याला लोकलने जाता येते. भाड्याला पैसे नसतील किंवा माणूस यायलाच तयार नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. रोग्याने स्वतःच बोलले पाहिजे असे नाही. आईने, भावाने, शेजाऱ्याने केला तरी चालतो.