आभाळाचा सातबारा कोणाच्या नावे?

(नाशिक जिल्ह्यातील शेतकरी बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव, विजेचे बिल आणि बँकेची नोटीस हे तीन विषय सोडून जिल्हा बैठकीत चौथ्या विषयावर बोलायला उभे राहायचे म्हणजे धाडसच आहे. आम्ही ते करतो आहोत. आम्ही म्हणजे येवला-नांदगावकडची सात-आठ माणसे. एक मोटार रिवाइंडिंग करतो, एक लग्नाचे फोटो काढतो, दोघे कॉलेजातली पोरे आणि बाकीचे तुमच्यासारखे कपाशीवाले. रविवारी दुपारी मुरमाड माळावर जमायचे आणि ड्रोन उडवायचे हा आमचा नाद. कोणाला पत्त्यांचा नाद असतो, कोणाला बैलगाड्यांचा. आम्हाला हा लागला.

फवारणीचा मोठा ड्रोन तुम्ही पाहिला आहे. आम्ही ज्याबद्दल बोलतो तो शेर-दोन शेर वजनाचा, चार पंख्यांचा आणि पोटाला कॅमेरा असलेला. तो कशाला लागतो, असे घरचे विचारतात. खरे सांगायचे तर सुरुवातीला कशालाच लागत नव्हता. आपले शिवार वरून कसे दिसते ते बघायचे होते, एवढेच. पिढ्यान्पिढ्या आपण या जमिनीकडे बैलाच्या पाठीवरून बघितले. घारीच्या डोळ्यांनी बघितल्यावर पहिल्यांदा कळले की आपला बांध सरळ नाही आणि तो कोणत्या बाजूला सरकला आहे. त्यावरून भावकीत काय झाले ते इथे सांगत नाही.

पुढे थोडा उपयोगही कळला. कपाशी उगवल्यावर नांग्या कुठे पडल्या, पाणी कुठे साचते, मर लागलेला पट्टा किती वाढला हे वरून पाच मिनिटांत दिसते. पण फुशारकी मारणार नाही. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसते, ती वरून कोणालाच दिसत नाही. त्यासाठी बोंड फोडूनच बघावे लागते. ज्वारीवरची पाखरे हाकायचाही प्रयोग केला. ड्रोनची बॅटरी वीस मिनिटांत संपली, पाखरे परत आली, आणि माळ्यावर गोफण घेऊन बसलेल्या आजीबाईंनी आम्हाला जे ऐकवले ते योग्यच होते.

आता कायद्याचे बघू. सातबारा जमिनीचा असतो, आभाळाचा नसतो. आभाळ सरकारचे. १९३४ च्या विमान कायद्यात विमानाची जी व्याख्या होती तिच्यात फुगे होते, ग्लायडर होते आणि पतंगही होता. म्हणजे येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गच्चीवर आसारी धरून, हलगीच्या तालावर जो पतंग उडतो तो कायद्याच्या पुस्तकात विमान होता. त्या कायद्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून नवा भारतीय वायुयान अधिनियम आला. पण त्या ९० वर्षांत पतंगाला परवाना विचारायला येवल्याच्या गच्चीवर कोणी चढला नाही. नायलॉन मांजाने गळे कापायला लागले तेव्हा बंदी मांजावर आली. ते बरोबरच झाले. ज्याने इजा होते ते बंद केले, पतंग चालू राहिला.

ड्रोनच्या बाबतीत उलटे घडले. ७ ऑक्टोबर २०१४ रोजी विमान वाहतूक महासंचालनालयाने एक जाहीर सूचना काढली : नियम होईपर्यंत कोणीही ड्रोन उडवू नये. नियम व्हायला चार वर्षे लागली. १ डिसेंबर २०१८ पासून ते लागू झाले, त्यांत ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’ अशी यंत्रातच कुलूप घालण्याची योजना होती. मार्च २०२१ मध्ये आणखी जाडजूड नियमावली आली. तिच्यात फॉर्म २५ आणि फीचे प्रकार ७२. सातबाऱ्यावर वारसाची नोंद लावायला चपला झिजवलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

मग ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने स्वतःच ती नियमावली गुंडाळली आणि सुटसुटीत नियम आणले. चांगल्याला चांगले म्हटले पाहिजे. फॉर्म ५ झाले, फी ४ प्रकारची राहिली. विमानतळाभोवतीचा पिवळा पट्टा ४५ किलोमीटरचा होता, तो १२ वर आला. बाकी हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही. २५० ग्रॅमपर्यंतच्या खेळण्याला, आणि २ किलोपर्यंतचा ड्रोन धंद्यासाठी नसेल तर त्यालाही, चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. हे सगळे दोन महिन्यांपूर्वी जम्मूच्या हवाई तळावर ड्रोनमधून स्फोटके पडलेली असताना झाले, हे ध्यानात घ्या. भीतीच्या दिवसांतही शहाणपणाने नियम करता येतात.

पण दिल्लीचा नियम सैल झाला म्हणजे गल्लीतला सैल होतो असे नाही. आपला नाशिक जिल्हा तसा नाजूक. ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना, देवळालीला तोफखान्याची शाळा, नाशिक रोडला नोटांचा छापखाना, गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांची शाळा. ऑगस्ट २०२२ मध्ये या वैमानिक शाळेवर रात्री एक अनोळखी ड्रोन दिसला. पुढच्याच महिन्यात संरक्षण संशोधनाच्या केंद्रावर दुसरा दिसला. गुन्हे नोंदले गेले, आणि त्यानंतर शहर पोलिसांचा हुकूम निघाला : शहरातल्या सगळ्यांनी आपापले ड्रोन पोलीस ठाण्यात जमा करावेत, वापरायचा असेल तेव्हा परवानगी काढून न्यावा.

त्या जागांवर ड्रोन उडता कामा नये यात आमचे दुमत नाही. तिथे उडवणाऱ्याला धरलाच पाहिजे. पण ज्याने वाईट हेतूने उडवला तो काय ठाण्यात रांगेत उभा राहून जमा करायला येणार होता? रांगेत आले ते लग्नवाले. त्यांतल्याच एकाने, लग्नागणिक ठाण्याच्या खेपा घालून वैतागून, आपला ड्रोन पडत्या भावात विकून टाकला. तो आम्ही घेतला. आमच्या नादाची सुरुवात ही अशी त्या हुकुमातून झाली.

आता आमची चूक सांगतो. तो ड्रोन परदेशी बनावटीचा, पावती नसलेला. ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंत देशात आलेल्या ड्रोनांना नोंदणीची सवलत होती, पण तिला जीएसटी भरल्याची पावती लागे. ती मूळ मालकाकडेही नव्हती. ९ फेब्रुवारी २०२२ ला तयार ड्रोनच्या आयातीवरच बंदी आली. सुटे भाग आणायला मुभा, अख्खा आणायला नाही. म्हणजे आमचा ड्रोन रीतसर करून घ्यायचा दरवाजाच राहिला नव्हता. आम्ही तो तसाच उडवला. चोरबाजार बंदीच्या पोटातूनच जन्मतो हे कापूसवाल्यांना नव्याने सांगायला नको. तणनाशक सोसणारे बियाणे कोणत्या पिशवीतून येते ते इथे प्रत्येकाला माहीत आहे.

२०२४ चा पावसाळा आठवा. बीड, जालना, संभाजीनगर, नगर, पुणे या जिल्ह्यांत रात्री आभाळात दिवे फिरतात, चोर ड्रोनने घरे हेरतात अशी आवई उठली. गावेच्या गावे काठ्या घेऊन जागली. वैजापूरच्या बाजूने ती बातमी आमच्याकडे आली. जुलैच्या अखेरीस आमची दोन पोरे एका कपाशीच्या नांग्या बघायला गेली, पाऊस थांबेपर्यंत दिवस मावळला, आणि ‘एक चक्कर मारू’ म्हणून त्यांनी ड्रोन वर सोडला. लाल-हिरवे दिवे दिसले आणि दहा मिनिटांत शे-दीडशे माणूस बांधावर. एकाच्या हातात कुऱ्हाड होती. पोरे शेजारच्या गावची, पण अंधारात तोंड कोण ओळखतो? पोलीस पाटील धावत आले आणि मध्ये उभे राहिले म्हणून निभावले. त्या रात्री एका पोराच्या आईने पायरीवर बसून जे विचारले त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. ‘तुमच्या खेळात माझे पोर गेले असते तर?’

ड्रोन पोलिसांनी नेला. गुन्हा नोंदला नाही, पण ड्रोनही देईनात. पावती दाखवा म्हणत. चाळीस दिवसांनी मिळाला तेव्हा बॅटरी भाकरीसारखी फुगली होती. भरलेली लिथियम बॅटरी तशीच ठेवली की फुगते, आणि फुगलेली पेटू शकते. ठाण्याच्या कपाटात ती पेटली नाही हे सगळ्यांचे नशीब. तो ड्रोन आम्ही मोडला.

माणसे काठ्या घेऊन आली त्यांचा आम्हाला राग नाही. ज्याच्या हातात ड्रोन नाही त्याला वरून कोण बघते आहे हे कळण्याचा मार्ग नसतो, आणि कळत नाही त्याची भीती वाटणारच. सरकारचे ड्रोन मात्र कोणाला न विचारता वरून गेलेच आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणे ड्रोनने मोजली. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत त्याचा पहिला प्रयोग आधीच झाला होता. मोजणी चांगली झाली, लोकांना घराची सनद मिळाली. वाईट म्हणत नाही. पण तुमचे घर वरून मोजणारा नकाशा ज्याच्या हाती, त्याचे म्हणणे अखेरचे ठरते. उद्या पीकविम्याचा पंचनामा वरून होईल. कंपनी म्हणेल, चित्रात नुकसान दिसत नाही. तेव्हा त्याच शेताचे, त्याच दिवसाचे आपले चित्र आपल्यापाशी असेल की नाही? आमच्या नादाला काही अर्थ असेल तर तो इथे आहे.

दुसरा अर्थ २०१७ ने शिकवला. त्या साली यवतमाळात कपाशीवर फवारता फवारता विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. फवारणीच्या ड्रोनने माणूस विषाच्या फवाऱ्यातून बाहेर निघतो. त्यासाठी बचत गटांच्या बायकांना ८० टक्के, म्हणजे ८ लाखांपर्यंत अनुदान देणारी ड्रोन दीदी योजना आहे. तो मोठा ड्रोन चालवायला प्रमाणपत्र लागते, वय १८ ते ६५ आणि दहावी पास. ते लागावे, विषाची टाकी डोक्यावरून नेणारा शिकलेलाच हवा. पण हात बसतो तो लहान यंत्रावर. सायकल न शिकता कोणी ट्रक हाकत नाही. लहान ड्रोन कुलपात ठेवून मोठ्याचे चालक कोणत्या पोरांतून निघणार?

आणि पुन्हा वारे फिरते आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या ड्रोन कायद्याचा मसुदा काढला. २०२१ च्या नियमांत फार तर १ लाख दंड होता; मसुद्यात तुरुंगवास, पोलिसांना झडती-जप्तीचे अधिकार आणि सक्तीचा विमा आला. हरकतींना मुदत दिली जेमतेम पंधरवड्याची, तीही सोयाबीन काढणीच्या तोंडावर. लष्करी तळावर घिरट्या घालणारा आणि स्वतःच्या कपाशीवर कागद चुकलेला पोरगा यांना एकाच कलमात घालू नका, एवढे आम्ही लिहून पाठवले. सिंहस्थ तोंडावर आहे, तेव्हा नाशिक-त्र्यंबकात आणखी हुकूम निघतील. गर्दीवर ड्रोन पडू नये म्हणून निघाले तर पाळूच. पण गोदाकाठचा हुकूम नांदगावच्या माळाला लावू नये.

दरम्यान आम्ही रीतसर मार्गाने निघालो आहोत. नियमांत ‘मॉडेल’ असा प्रकार आहे : हौस, शिक्षण किंवा प्रयोगासाठी, नजरेच्या टप्प्यात उडणारा, २५ किलोच्या आतला. त्याला नमुना प्रमाणपत्र लागत नाही. म्हणून सांगाडा, चार मोटारी आणि नियंत्रक असे भाग आणून आम्ही रिवाइंडिंगच्या दुकानात स्वतःच एक बांधला. वजन १ किलो ४०० ग्रॅम भरले. नोंदणीची फी १०० रुपये आहे. फीपेक्षा कागद अपलोड करण्यात जास्त गेले. उडवायच्या आधी महासंचालनालयाचा नकाशा मोबाईलवर बघतो, पोलीस पाटलांना आणि शेतमालकाला आदल्या दिवशी सांगतो, अंधारात उडवत नाही, कोणाच्या अंगणावर, न्हाणीवर नेत नाही. ही शेवटची अट सरकारची नाही, आमच्या घरच्या बायकांनी घातली आहे. जिल्ह्यात कलम १६३ चा मनाई हुकूम चालू आहे का, हेही ठाण्यात विचारून घेतो, कारण तो नकाशात दिसत नाही.

जेवणानंतर मागच्या पडीक रानात तो आणून ठेवला आहे. ही जागा हिरव्या पट्ट्यात आहे, सकाळी बघून घेतले, आणि मालकाला विचारले आहे. बॅटऱ्या तीन, प्रत्येकी बारा मिनिटांच्या. पहिली बॅटरी पोरींसाठी ठेवली आहे. त्या आईही आल्या आहेत. त्यांना आधी पडद्यावर त्यांचेच शेत दाखवायचे आहे.