अर्जातला एक रकाना

खोट्या पदवीचा इंजिनियर कामात केव्हातरी उघडा पडतो. खोट्या जमातीच्या दाखल्यावर लागलेला कारकून मात्र चोख काम करून सन्मानाने निवृत्त होतो. आणि ज्याची जागा गेली, त्या एटापल्ली-भामरागडच्या माडिया मुलाला ते कळतही नाही!

पडताळणीचा कायदा महाराष्ट्रात ऑक्टोबर २००१ पासून आहे. वर्षे लोटली म्हणून अशी नोकरी टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१७ रोजी बजावले. मग डिसेंबर २०१९ मध्ये शासनाने अशा कर्मचाऱ्यांसाठी अधिसंख्य पदे काढली. माणुसकी म्हणून मी त्यालाही नावे ठेवीत नाही. त्यांच्या घरीही चूल आहेच. पण जागा मोकळी होईतो तो माडिया मुलगा वयोमर्यादा ओलांडून तेंदूपत्ता तोडीत असेल, त्याला आता कोणते पद द्याल?