मामाची ऑर्डर आणि ४१३ : सर्व्हरचा लॉग वाचायला शिकूया

आजचा भाग थोडा टेक्निकल आहे, पण सुरुवात आंब्यापासून करतो.

माझ्या मामाची देवगडला हापूसची बाग आहे. गेल्या सीझनला मी त्याला एक छोटी वेबसाइट बनवून दिली. उबुंटूचा स्वस्तातला क्लाउड सर्व्हर आणि त्यावर एन्जिनएक्स. फॉर्म साधा होता: नाव, पत्ता, किती डझन, आणि यूपीआयने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट. मी माझ्या फोनवरून चार ऑर्डर टाकून बघितल्या, चारही गेल्या. खूश!

एप्रिलमध्ये मामाचा फोन आला. "अरे, लोकां म्हणतत, ऑर्डर जाणा नाय." मी साइट उघडली आणि ठरलेलं उत्तर दिलं, "मामा, माझ्याकडे तर चालतंय. त्यांचं नेट स्लो असेल." हे वाक्य मी दोन वेळा बोललो. तिसऱ्यांदा मामा म्हणाला, "एक बाई विचारतायत, पैसे घेतले आणि आंबे कुठे? मला चोर समजतायत रे." तेव्हा मात्र लॅपटॉप उघडला.

अॅपमध्ये एकही एरर नव्हती. व्हिजिटर मोजणारं अॅनालिटिक्सही बघितलं. ते ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टवर चालतं, म्हणजे पान किती जणांनी उघडलं ते कळतं, पण सर्व्हरने कोणाला काय उत्तर दिलं ते कळत नाही. ते कळतं फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये. तो लॉग पहिल्या दिवसापासून लिहिला जात होता, मीच कधी उघडला नव्हता.

तर आता कामाचं. डेबियन किंवा उबुंटूवर हा लॉग व्हार, लॉग, एन्जिनएक्स या फोल्डरमध्ये अॅक्सेस डॉट लॉग नावाने असतो. अपाची वापरत असाल तर फोल्डर अपाची२. वाचायला परवानगी लागते. रूट म्हणून बसण्यापेक्षा स्वतःला एडीएम ग्रुपमध्ये टाका आणि पुन्हा लॉगिन करा.

एक रिक्वेस्ट म्हणजे एक ओळ. त्यात आयपी, वेळ, कुठलं पान मागितलं, स्टेटस कोड, किती बाइट पाठवले, कुठल्या लिंकवरून आला आणि कुठला ब्राउझर, एवढं सगळं असतं. २०० म्हणजे ठीक, ४०४ म्हणजे पान सापडलं नाही, ५०० च्या पुढचे म्हणजे चूक सर्व्हरच्या बाजूची.

त्या बाई म्हणाल्या होत्या, रात्री नऊ वाजता प्रयत्न केला. मी लॉगमध्ये २१ वाजता शोधलं, काहीच नाही! मग ओळीतल्या वेळेच्या शेवटी +०००० दिसलं. सर्व्हर यूटीसीवर होता. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे शोधायचं १५:३० ला. तिथे ओळ सापडली: फॉर्मची पोस्ट रिक्वेस्ट, स्टेटस ४१३.

४१३ म्हणजे पाठवलेली फाइल प्रमाणाबाहेर मोठी. एन्जिनएक्समध्ये रिक्वेस्टच्या आकाराची मर्यादा डिफॉल्टने १ एमबी असते. माझ्या फोनचा स्क्रीनशॉट त्याच्या आत बसायचा, त्यांचा बसत नव्हता. एन्जिनएक्स दारातूनच परत पाठवत होता, म्हणून अॅपला पत्ताच नाही. आणि स्क्रीनशॉटबरोबर नाव, पत्ता सगळंच गेलं.

अशा किती जणांचं झालं? त्यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. ऑक कमांडने नववा रकाना काढा, तो स्टेटस कोड. मग सॉर्ट, मग युनिक हायफन सी, म्हणजे प्रत्येक कोड किती वेळा आला ते मोजून मिळतं. नवव्याच्या जागी पहिला रकाना घेतला की आयपी मोजले जातात, सातवा घेतला की पानं.

हेच रोज नीट बघायचं असेल तर गोअॅक्सेस टाका. ओपन सोर्स आहे, एपीटीने इन्स्टॉल होतं. कमांडमध्ये लॉगचा पत्ता द्या, लॉग-फॉरमॅट कम्बाइंड सांगा, आणि हायफन ओ देऊन एचटीएमएल फाइलचं नाव द्या. पानं, कोड, तास, ब्राउझर, सगळ्यांचे तक्ते तयार. ती फाइल मात्र वेबसाइटच्या फोल्डरमध्ये उघडी ठेवू नका, त्यात लोकांचे आयपी असतात.

आकडे बघून हुरळूनही जाऊ नका. मामाची साइट वर्डप्रेसची नाही, तरी वर्डप्रेसचं लॉगिन पान मागणाऱ्या ढीगभर रिक्वेस्ट होत्या. ते गिऱ्हाईक नाही, दार ढकलून बघणारे बॉट. गोअॅक्सेसला इग्नोर-क्रॉलर्स सांगितलं की ओळखीचे बॉट वगळले जातात. स्वतःला ब्राउझर म्हणवणारे तरीही राहतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. लॉगरोटेट नावाचा प्रोग्रॅम जुने लॉग पुसत असतो. उबुंटूवर एन्जिनएक्ससाठी साधारण रोज एक फाइल, आणि अशा १४ फाइली. मला कळलं तेव्हा मागचे दोनच आठवडे हातात होते. त्याआधी कोणाची ऑर्डर परत गेली, ते मला आता कधीच कळणार नाही. सीझनपुरता तो आकडा वाढवून ठेवा, पण आयपी ही लोकांची माहिती आहे, वर्षानुवर्षं साठवू नका.

दुरुस्ती एका ओळीची होती: क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइझ १० एमबी. एन्जिनएक्स हायफन टी करून तपासलं, रीलोड केलं. पण आयपीवरून माणूस सापडत नाही. म्हणून मामा आणि मी रात्री बसून बँकेतल्या जमा नोंदी आणि ऑर्डरची वही ताडून बघितली. पैसे आले पण ऑर्डर नाही, अशा नोंदी वेगळ्या काढल्या. त्या बाईंना मामाने स्वतः फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी पेटी रवाना झाली. सोबत एक डझन जास्त, माझ्या खात्यातून!

मामाने मला एका शब्दाने बोललं नाही. पण आता कोणी "चालत नाही" म्हटलं, की "माझ्याकडे चालतंय" म्हणायच्या आधी मी लॉग उघडतो.

तुमचाही एखादा सर्व्हर असेल, तर आज रात्री फक्त स्टेटस कोड मोजून बघा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!